प्रकल्प नोंदी: तीन ट्यूनर, दोन कॉम्प्युटर आणि सातच्या बातम्या

रविवार, १ डिसेंबर

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलंय. त्याआधी घरचं टीव्ही रेकॉर्डिंग भरवशाचं करायचं, म्हणून आजपासून नोंदी ठेवते आहे.

तक्रार अशी. सह्याद्रीवरच्या संध्याकाळी सातच्या बातम्या रोज रेकॉर्ड व्हायला हव्यात. आई त्या वेळी भजनी मंडळात असते, घरी आल्यावर जेवताना बघते. अधिवेशन नागपुरात असताना बाबांना तर एकही दिवस चुकलेला चालत नाही. पण मधूनच एखाद्या संध्याकाळची फाइल रिकामी निघते. परवा आई रिमोट हातात धरून म्हणाली, "बातम्या काहून नाही आल्या गं? मग ही मशीन दिवसभर करून काय राहिली?" प्रश्न अगदी रास्त आहे.

माझा स्वतःचा जीव डीडी भारतीवर आहे. रात्री उशिरा तिथे दूरदर्शनच्या संग्रहातल्या जुन्या मैफिली लागतात. एकदा लागून गेलेली मैफल पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही आणि इंटरनेटवर सापडेलच असंही नाही. त्या रात्रीची फाइल रिकामी निघाली की ते गाणं आमच्यापुरतं गेलं.

मांडणी लिहून ठेवते. गच्चीवर एकच डिश, तोंड डीडी फ्री डिशकडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे. खाली हॉलमध्ये जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि टीव्हीहेडएंड (टीव्ही रेकॉर्ड करून घरात वाटणारा सर्व्हर प्रोग्रॅम), आत दोन ट्यूनरचं सॅटेलाइट कार्ड. ट्यूनर म्हणजे डिशच्या सिग्नलमधली हवी ती फ्रिक्वेन्सी पकडणारा भाग. वर दादाच्या खोलीत छोटा कॉम्प्युटर, त्याला एक यूएसबी ट्यूनर. हा ट्यूनर मिनीसॅटआयपी नावाच्या प्रोग्रॅमने घरच्या नेटवर्कवर वाटलेला आहे, त्यामुळे खालचा सर्व्हर त्याला आपला तिसरा ट्यूनर समजतो. वरच्या मशीनवर दादाचा वेगळा टीव्हीहेडएंडही आहे. तो मॅच त्यावर बघतो. दोन्ही मजल्यांवर टीव्हीवर कोडी, म्हणजे वाहिन्या दाखवणारं अ‍ॅप.

कागदावर तीन ट्यूनर आहेत. संध्याकाळी सात वाजता आम्हाला जास्तीत जास्त दोन लागतात. तरी टंचाई होते, हेच शोधायचं आहे.

मंगळवार, ३ डिसेंबर

सर्व्हरचे जुने लॉग काढले. रिकाम्या फाइलींच्या प्रत्येक दिवशी सात वाजता बातम्यांचं रेकॉर्डिंग तिसऱ्या, म्हणजे वरच्या ट्यूनरकडे गेलेलं आहे. कार्डातल्या दोन ट्यूनरवरचं एकही रेकॉर्डिंग फसलेलं नाही. तिघांचा प्राधान्यक्रम सारखाच ठेवलेला, त्यामुळे कोणाची निवड होईल याचा काही नेम नाही.

पण वरच्या ट्यूनरचं अपयशही एकसारखं नाही. काही दिवशी वरच्या मशीनने सरळ नकार दिलाय, ट्यूनर मोकळा नाही म्हणून. काही दिवशी मात्र ट्यूनर मिळाला, जोडणी झाली, आणि पुढे सिग्नलच नाही. लॉक, म्हणजे सिग्नलची पकड, शून्य. पाच मिनिटं वाट पाहिली तरी शून्य.

म्हणजे दोन वेगळे आजार एका लक्षणामागे आहेत. निदान सुटे सुटे करावे लागेल. आत्ता थंडीचे दिवस, आभाळ स्वच्छ, त्यामुळे पावसात सिग्नल पडतो तसं काही नाही. ते कारण बाजूला.

गुरुवार, ५ डिसेंबर

पहिला संशय कार्यक्रमपत्रिकेवर होता. टीव्हीहेडएंड प्रसारणातूनच कार्यक्रमांची माहिती गोळा करतो, आणि त्यासाठी एकेका मल्टिप्लेक्सवर, म्हणजे अनेक वाहिन्या एकत्र आणणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर, ट्यूनर नेऊन बसवतो. स्टेटस पानावर सबस्क्रिप्शनच्या, म्हणजे चालू मागण्यांच्या, यादीत तो संध्याकाळी कामाला लागलेला दिसलाही.

पण त्याचा दोष नाही. टीव्हीहेडएंडमध्ये प्रत्येक मागणीला वजन असतं. पत्रिकेचं काम सगळ्यात हलकं, थेट बघणं त्याहून भारी, नॉर्मल रेकॉर्डिंग त्याहूनही भारी. ट्यूनर कमी पडले तर हलक्याला उठवून भारी बसतो. हॉलमध्ये करून बघितलं: दोन ट्यूनर पत्रिकेला गुंतवले आणि त्याच वेळी रेकॉर्डिंग लावलं. पत्रिका तत्काळ बाजूला झाली. तरीही तिची वेळ पहाटे चारला नेली. जेव्हा कोणाला काही नको तेव्हाच तिने फिरावं.

कोडीतला पुढची वाहिनी आधीच लावून ठेवण्याचा पर्यायही तपासला. तोही जास्तीचा ट्यूनर धरतो. पण तोही हलक्या वजनाचा. बंद केला आणि पुढे गेले.

शनिवार, ७ डिसेंबर

आज नकाराचा उलगडा झाला.

लिनक्समध्ये ट्यूनरचं फ्रंटएंड (फ्रिक्वेन्सी लावणारा भाग) हुकूम देण्यासाठी एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. दुसरा आला की त्याला "डिव्हाइस बिझी" एवढंच उत्तर मिळतं. वरच्या मशीनवर एकाच यूएसबी ट्यूनरचे दोन दावेदार आहेत: दादाचा टीव्हीहेडएंड आणि मिनीसॅटआयपी. दादाने त्याच्याकडे पॉवर सेव्ह चालू ठेवलंय, म्हणून तो टीव्ही बघत नसताना ट्यूनर सोडला जातो आणि आम्हाला खाली मिळतो. ही त्याने विचारपूर्वक केलेली सोय होती, आणि बराच काळ ती चाललीही.

अडचण दुसरीकडे आहे. दादा रिमोटने टीव्हीचा पडदा बंद करतो, कोडी मात्र मागे चालूच. वाहिनी लागलेली, ट्यूनर धरलेला, कधीकधी रात्रभर. आणि खालच्या सर्व्हरच्या वजनांना वरच्या मशीनवर काडीचीही किंमत नाही. आमच्या रेकॉर्डिंगचं वजन कितीही असलं तरी वरती आधी येईल त्याचा ट्यूनर. दोन सर्व्हर, दोघांनाही आपापला हिशोब बरोबर वाटतो, आणि ट्यूनर मधल्यामध्ये अडकतो.

टीव्हीहेडएंड आधीपासून हिशोब मांडतही नाही. ज्या क्षणी कार्यक्रमाची वेळ होते त्या क्षणी तो मोकळा ट्यूनर शोधतो. मिथटीव्ही हा दुसरा रेकॉर्डिंग प्रोग्रॅम पुढच्या दिवसांचं वेळापत्रक आधी मांडतो, टक्कर दाखवतो, जमलं तर पुनःप्रसारणावर ढकलतो. त्यातही इनपुट ग्रुप (कोणते ट्यूनर एकदम वापरता येत नाहीत याची नोंद) नीट लावले तरच. पण ट्यूनर मध्येच कोणीतरी बाहेरून पळवणार असेल तर तिथलं वेळापत्रकही खोटंच ठरेल. म्हणून सॉफ्टवेअर बदलायचा विचार सोडला.

दादाशी बोलले. तो म्हणाला, "माझी मॅच मध्येच तुटणार असेल तर मला नको बापा तुझा सर्व्हर." त्याचं म्हणणं ऐकून ठेवलं. आधी दुसरा आजार.

रविवार, ८ डिसेंबर

दुसरा आजार विचित्र निघाला, म्हणून जरा सविस्तर.

दादा-वहिनी उमरेडला गेलेत. वरचा टीव्हीहेडएंड पूर्ण बंद केला, म्हणजे यूएसबी ट्यूनर फक्त माझा. खाली काहीच चालू नाही. तिसऱ्या ट्यूनरवर सह्याद्री लावून बघितली: लॉक नाही. मग सहज खाली हॉलमध्ये बाबांसाठी डीडी किसान लावलं, आणि वरच्या ट्यूनरला लॉक मिळाला. डीडी किसान बंद केलं. थोड्या वेळाने वरचा सिग्नल गेला.

पुन्हा करून बघितलं. खालच्या कार्डाचा पहिला ट्यूनर चालू केला तर वर काही फरक नाही. दुसरा चालू केला तर वर सिग्नल. दुसरा झोपला की वरचाही गेला.

म्हणजे ज्या दिवशी घरात सगळ्यात कमी गर्दी, त्याच दिवशी बातम्या हुकतात. आम्ही इतके दिवस गर्दीच्या संध्याकाळी शोधत होतो.

ऊन खायला म्हणून नाही, मल्टिमीटर घेऊन गच्चीवर गेले. डिशच्या खांबाला इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळलेली एक डबी आहे, डिशवाल्याने मागे बसवलेली. टेप सोडवली. आत दोन फाट्यांचा स्प्लिटर. एलएनबीला, म्हणजे डिशपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डब्याला, दोनच तोंडं: एकातून केबल सरळ कार्डाच्या पहिल्या ट्यूनरला, दुसरं तोंड या स्प्लिटरला, आणि स्प्लिटरचे दोन फाटे, एक कार्डाच्या दुसऱ्या ट्यूनरला, एक वर दादाकडे. स्प्लिटरच्या पत्र्यावर एका तोंडाजवळ बारीक लाल बाण आणि "डीसी पास" असं छापलेलं. तो फाटा खाली जातो. दादाच्या फाट्याजवळ बाण नाही.

आता सगळं लागतं. एलएनबीला वीज ट्यूनरकडूनच जाते, त्याच केबलमधून. १३ व्होल्ट दिले तर व्हर्टिकल (उभ्या) लहरी मिळतात, १८ दिले तर हॉरिझॉन्टल (आडव्या). बाण असलेल्या फाट्यातून वीज वर जाते, बाण नसलेल्यातून अडवली जाते, नाहीतर दोन ट्यूनर एकमेकांवर वीज ढकलतील. त्यामुळे दादाचा ट्यूनर एलएनबीला वीज देऊच शकत नाही. तो कार्डाच्या दुसऱ्या ट्यूनरने दिलेल्या विजेवर जगतो. आमच्या यादीतल्या फ्रिक्वेन्सी सगळ्या व्हर्टिकल आणि खालच्या पट्ट्यातल्या, म्हणून हा जुगाड चालून गेला. एक जरी हॉरिझॉन्टल असती तर तेव्हाच फसला असता.

आणि खालच्या कार्डावर पॉवर सेव्ह चालू आहे. उन्हाळ्यात कपाटात कार्ड फार तापायचं, नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास, म्हणून ते लावलेलं. पॉवर सेव्ह असलं की टीव्हीहेडएंड रिकामा ट्यूनर बंद करतो. फ्रंटएंड बंद झालं की लिनक्सचा ड्रायव्हर एलएनबीची वीज तोडतो, त्याची मूळ सवयच तशी आहे. मीटर लावून बघितलं: खालचा दुसरा ट्यूनर जागा असताना स्प्लिटरच्या तोंडाशी तेरा व्होल्टच्या वर, झोपला की शून्य. ते आकडे डोळ्यांसमोर पडताना बघून फार बरं वाटलं.

तात्पुरता उपाय लगेच केला: कार्डाच्या दुसऱ्या ट्यूनरचं पॉवर सेव्ह बंद. हिवाळ्यात तापायची भीती नाही. कायमचा उपाय म्हणजे स्प्लिटर काढणं.

बुधवार, ११ डिसेंबर

ऑफिसातून येताना बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) चार तोंडांचा एलएनबी, आरजी-६ केबल आणि एफ कनेक्टर आणले. चार तोंडांच्या एलएनबीत प्रत्येक तोंड स्वतंत्र असतं, कोणी किती व्होल्ट दिले याचा शेजाऱ्यावर परिणाम नाही.

दरम्यान बातम्या रोज आल्या. दादा परत आलाय, पण संध्याकाळी त्याने टीव्ही लावलेला नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

सकाळी एलएनबी बदलला. काढण्याआधी जुन्याचा तिरपा कोन पकडीवर मार्करने खूण करून ठेवला, तो चुकला तर व्हर्टिकल-हॉरिझॉन्टल एकमेकांत मिसळतात. डिश हलवली नाही. ज्यांना लावायची असेल त्यांच्यासाठी: नागपूरहून जीसॅट-१५ आग्नेयेला साधारण १४५ अंशांवर, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. ऑफसेट डिश असल्याने ती बघताना इतकी वर बघते आहे असं वाटत नाही, म्हणून अंदाजाने लावू नका. बाबा खाली स्टेटस पानासमोर बसले आणि मोबाइलवर एसएनआर (सिग्नल किती स्वच्छ त्याचा आकडा) वाचून दाखवत होते. किंचित फिरवल्यावर आकडा पहिल्यापेक्षा थोडा वरच गेला.

कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीची एकही तार मधल्या तांब्याला लागता कामा नये. एक तार जरी लागली तरी वीज शॉर्ट होते, आणि ट्यूनरचं संरक्षण चांगलं नसेल तर तो जातो. भिंगाखाली बघूनच बसवले.

दुपारी दादाशी दुसऱ्यांदा बोलणं. तोपर्यंत मी एक गोष्ट कागदावर मांडली होती. तीन ट्यूनर म्हणजे तीन वाहिन्या नव्हेत, तीन मल्टिप्लेक्स. ट्यूनर एका फ्रिक्वेन्सीवर बसला की त्या गाडीतले सगळे प्रवासी आपल्याला मिळतात. एक मल्टिप्लेक्स सेकंदाला साधारण ४० मेगाबिट आणतो, त्यात कितीतरी वाहिन्या. पण हा फायदा एकाच सर्व्हरला घेता येतो. दादा वर आणि आम्ही खाली एकाच मल्टिप्लेक्सवर असलो तरी आज दोन ट्यूनर खर्च होतात, कारण दोन सर्व्हरना एकमेकांचं ठाऊक नाही. दोघं एकाच सर्व्हरकडून घेऊ लागलो तर एकच पुरतो.

त्याच्या मॅचचं काय? टीव्हीहेडएंडमध्ये बघण्यासाठी वेगळी प्रोफाइल करून तिचं प्राधान्य वाढवता येतं, आणि ती फक्त त्याच्या लॉगिनला देता येते. मी तसं करून दिलं. मग घरात बसून क्रम ठरवला. सातच्या बातम्या सगळ्यात वर. त्याखाली दादाची मॅच. मग बाबांचं डीडी किसान. त्याखाली माझ्या मैफिली, कारण त्या उशिरा रात्री असतात आणि तेव्हा भांडायला कोणी नसतं. वहिनी म्हणाल्या, "आणि माझी मालिका?" ती बाबांच्या बरोबरीने ठेवली.

दादा तयार झाला. वाहिनी बदलायला पूर्वीपेक्षा वेळ लागला तर परत जुनं करायचं, ही त्याची अट.

रविवार, १५ डिसेंबर

वरचा टीव्हीहेडएंड बंद केला, सुरू होण्याच्या यादीतूनही काढला. दादाचा कोडी आता खालच्या सर्व्हरला ९९८२ पोर्टवर जोडलाय.

मग यूएसबी ट्यूनर वर ठेवण्यात अर्थ काय? तो खाली आणून सर्व्हरलाच लावला. मिनीसॅटआयपीचं काम संपलं. नेटवर्कचा एक टप्पाही कमी झाला: ट्यूनरचा प्रवाह यूडीपीवरून (हरवलेली पाकिटं परत न मागणाऱ्या पद्धतीने) येताना कधीमधी पाकिटं गळायची आणि चित्रावर चौकोन दिसायचे. आता वर फक्त तयार वाहिनी जाते. तिसरी केबल गच्चीवरून हॉलमध्ये उतरवली, बाबांनी भिंतीला क्लिपा ठोकल्या.

दादाने घड्याळ न लावता वाहिन्या बदलून बघितल्या आणि काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "चालते ना मग."

मंगळवार, १७ डिसेंबर

एक नवी टक्कर, साधी पण सांगण्यासारखी. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी दोन मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं जास्तीची ठेवली होती, कारण कार्यक्रम पत्रिकेबरहुकूम सुरू होत नाहीत. पण त्यामुळे साडेसातला संपणारं आणि साडेसातला दुसऱ्या मल्टिप्लेक्सवर सुरू होणारं अशी दोन रेकॉर्डिंगं काही मिनिटं एकमेकांवर चढतात. तेवढ्या वेळापुरते दोन ट्यूनर लागतात, आणि त्याच वेळी दोन टीव्हींवर दोन वेगळे मल्टिप्लेक्स असले की चौथ्याची गरज पडते. टक्कर शोधताना पत्रिकेतली वेळ बघून उपयोग नाही, जास्तीच्या मिनिटांसकट बघावं लागतं.

बातम्यांना जास्तीची मिनिटं तशीच ठेवली. मालिकेची नंतरची पाचवरून दोनवर आणली, वहिनींना विचारूनच.

शनिवार, २१ डिसेंबर

लाइट जाण्याची परीक्षा. आमच्याकडे लाइट गेली की सर्व्हर परत सुरू होताना यूएसबी ट्यूनर कधी कार्डाच्या आधी ओळखला जातो, कधी नंतर. मग अ‍ॅडॉप्टर ०, १, २ हे क्रमांक आपसात बदलतात, आणि टीव्हीहेडएंडला जुना ट्यूनर नव्या जागी दिसला की तो त्याला नवाच समजतो. त्याला टीव्हीहेडएंडमधलं नेटवर्क (फ्रिक्वेन्सींची यादी) जोडलेलं नसतं, म्हणजे ट्यूनर असून नसल्यासारखा. दोन्ही ड्रायव्हरना अ‍ॅडॉप्टरचा क्रमांक पक्का देण्याचा पर्याय आहे, तो लिहून ठेवला: कार्डाला ० आणि १, यूएसबीला २. मग मेन स्विच पाडून, थोडा वेळ थांबून परत लावला, दोन-चारदा. दर वेळी क्रमांक तेच आले आणि तिन्ही ट्यूनर नेटवर्कसकट उभे राहिले. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही लावला.

संध्याकाळी मुद्दाम सगळं एकदम लावलं. बातम्यांचं रेकॉर्डिंग, बाबांचं डीडी किसान, वर दादाचं डीडी स्पोर्ट्स, वहिनींची मालिका रेकॉर्डिंगला. स्टेटस पानावर चार सबस्क्रिप्शन आणि तीन ट्यूनर दिसले, कारण त्यातल्या दोन वाहिन्या सध्या एकाच मल्टिप्लेक्सवर आहेत. चारही चाललं. मग मी पाचवं, वेगळ्या मल्टिप्लेक्सवरचं, कमी प्राधान्याने लावलं. त्याला ट्यूनर मिळाला नाही, लॉगमध्ये कारण स्वच्छ लिहिलेलं आलं, आणि बाकी कोणाच्या चित्राला धक्का लागला नाही. बरोबर असंच व्हायला हवं होतं.

रविवार, २२ डिसेंबर

अधिवेशनाच्या दिवसांतल्या सगळ्या बातम्या डिस्कवर आहेत. बाबा एकेक बघून काही ठेवायला सांगताहेत, बाकीच्या मी पुसते आहे.

उरलेलं काम: फ्री डिशच्या जागांचा ई-लिलाव झाला की वाहिन्या एका मल्टिप्लेक्सवरून दुसऱ्यावर जातात. नवं वाटप साधारण एप्रिलपासून लागतं. तेव्हा पुन्हा स्कॅन करावं लागेल आणि कोणत्या दोन वाहिन्या एका ट्यूनरवर बसतात तो हिशोब नव्याने मांडावा लागेल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यासाठी कॅलेंडरवर लिहून ठेवलं. पॉवर सेव्ह आता तिन्ही ट्यूनरवर बंद आहे. स्प्लिटर गेल्यामुळे ते परत चालू करायला हरकत नाही. मार्च संपता संपता, कपाट तापायच्या आधी, करेन.